आधी घोडा, मग पैलवान

नमस्कार श्रोतेहो. सिनेमा म्हटलं की आपल्याला नट-नट्या आठवतात, गाणी आठवतात. पण हलत्या चित्रांचा पहिला मानकरी कोण, असं मला विचाराल तर मी शर्यतीच्या घोड्याचं नाव घेईन.

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? टापा इतक्या झरझर पडतात की नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. चित्रकार तर पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे ताणलेले नि मागचे मागे, असाच घोडा काढत आले. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे मांडले. प्रत्येक कॅमेऱ्याचा दोरा घोड्याच्या वाटेत आडवा. घोडा येईल, दोऱ्याला धडकेल, की फोटो निघालाच! आणि त्या फोटोंत काय दिसलं? पाय सुटतात खरे, पण ताणलेले असताना नाही. चारही पोटाखाली गोळा होतात, त्या क्षणी घोडा अधांतरी असतो. इतक्या शतकांची चित्रं चुकीची ठरली, याचं मला आजही नवल वाटतं.

घोड्यानंतर आले मुष्टियोद्धे. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत झाली. चौदाव्या फेरीत कॉर्बेटच्या छातीखाली ठोसा बसला आणि तो कोसळला. त्या काळी चित्रपट जेमतेम मिनिटभराचे असत. या लढतीचा मात्र शंभर मिनिटांहून मोठा झाला. रिंगण आडवं मावावं म्हणून ६३ मिलिमीटर रुंदीची खास फिल्म वापरली होती. आणि तो बघायला बायकांनीही गर्दी केली. प्रत्यक्ष लढतीला जाणं बाईमाणसाला शोभत नाही, असं मानण्याचा तो काळ! पडद्यानं त्यांना ती वाट मोकळी करून दिली.

आता आपल्याकडे या. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. पॅरिसमधल्या त्यांच्या पहिल्या खेळाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे फोटोग्राफर या नव्या कलेनं भारून गेले आणि त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ साली तो लावला कुठे? मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये, पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या पैलवानांच्या कुस्तीसमोर! भारतीय माणसानं टिपलेलं हे पहिलं चलच्चित्र मानतात. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर यायला अजून चौदा वर्षं होती. कुस्तीची ती फिल्म धुवायला बोटीनं थेट लंडनला पाठवावी लागली.

पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईला परतले. त्यांच्या स्वागतालाही सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. पैलवानांनंतर ज्याचं चित्रण करावंसं वाटलं, तो गणितात पहिला आलेला तरुण होता.