धुराचा नियम आणि टनाचा हिशेब
(जालन्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जालन्याची सळई भंगार आणि स्पंज आयर्न (लोहखनिजापासून न वितळवता बनवलेलं कच्चं लोखंड) यांपासून बनते. माल विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवायचा, बिलेट (पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा) ओतायचं, रोलिंग मिलमध्ये लाटायचं. या कामावर कायदा दोन जागी लक्ष ठेवतो. एक चिमणीच्या तोंडाशी: दर घनमीटर हवेत धूळ किती मिलिग्रॅम. दुसरा टनामागे: एक टन मालाला ऊर्जा किती, कार्बन किती. पहिल्याने हवा स्वच्छ होते. कार्बन मात्र त्याने घटत नाही, उलट थोडा वाढतो.

आकडे मांडू. वितळवायला टनाला साधारण 620 युनिट वीज लागते. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनाला साडेचारशे किलोच्या आसपास. समजा दिवसाला 200 टन वितळवणाऱ्या कारखान्यात बॅग फिल्टरचा (धूर कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्या यंत्राचा) पंखा तासाला 90 युनिट घेतो आणि 20 तास चालतो. टनामागे नऊ युनिट वाढले, साडेसहा किलो कार्बन. हा खर्च केलाच पाहिजे. न गाळलेला धूर भट्टीवरच्या कामगारांच्या आणि आसपासच्या वस्तीच्या छातीत जातो. पण तो आटोक्यात ठेवता येतो. पिशव्या वेळेवर झटकल्या नाहीत की हुडची (भट्टीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीची) ओढ कमी होते, धूर शेडभर पसरतो, मग पंख्याचा वेग वाढवला जातो. अनेक ठिकाणी भट्टीवर झाकण असतानाही पंखा पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर नुसता डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा लोटलेला असतो. तिथे व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवा. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे वेग 20 टक्के उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते.

खरी मोठी बचत पुढे आहे. थंड बिलेट पुन्हा तापवायला टनाला 35 लिटरच्या घरात फर्नेस ऑइल जातं. लिटरमागे तीन किलो धरा, शंभर किलोच्या वर कार्बन झाला. ओतलेलं बिलेट लाल असतानाच थेट मिलमध्ये घेतलं तर हे सगळं वाचतं. अडचणी खऱ्या आहेत. कास्टर (बिलेट ओतणारं यंत्र) आणि मिलचा वेग जुळत नाही, बिलेटचे कोपरे आधी थंड होतात, मिल दहा मिनिटं अडली की रांगेतली बिलेटं वाया जातात. कोपऱ्यांसाठी छोटा इंडक्शन हीटर आणि अडलेली बिलेटं बाजूला काढायची सोय, या दोन गोष्टी आधीच आराखड्यात हव्यात. भट्टीतला नमुना तपासून मगच ओतायचं, कारण पुढे मधे थांबून तपासायला वेळच उरत नाही. चिमणीच्या नियमाला या मेहनतीशी काही देणंघेणं नाही. टनामागचा नियमच तिची किंमत देतो.

असा नियम आपल्याकडे 2012 पासून आहे, ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजना. ठरवून दिलेल्या लक्ष्यापलीकडे वाचवलेल्या एका टन तेलाइतक्या ऊर्जेला एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. मात्र पहिल्या फेरीत पोलाद कारखान्यांसाठी वर्षाला 30,000 टन तेलाइतक्या ऊर्जेचा उंबरठा होता. विजेत मोजलं तर सुमारे 35 कोटी युनिट, म्हणजे नुसत्या वितळवण्यावर साडेपाच लाख टनांहून जास्त उत्पादन. लहान भट्ट्या बाहेरच राहिल्या. माझ्या मते उंबरठा उतरवायला हवा, पण लहान कारखान्याला मीटर आणि तपासनीस परवडतील अशा बेताने. 2023 मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही टनामागेच मोजते.

वाळूजमधून युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांना आणखी एक हिशेब लागू आहे. युरोपचं कार्बन सीमा-समायोजन (आयात मालाच्या कार्बनवरचा आकार) 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदींपुरतं सुरू झालं, 1 जानेवारी 2026 पासून त्याला पैशाचा भार आला. पोलादासाठी त्यात कारखान्याच्या विजेचा कार्बन धरत नाहीत. इंधनाचा धरतात, आणि विकत घेतलेल्या स्पंजचाही, तो दुसऱ्याच्या भट्टीत झालेला असला तरी. भंगाराचा शून्य. कोळशावर बनलेला स्पंज जास्त घातला की वीजही वाढते, कारण त्यातली माती-वाळू वितळवून स्लॅग म्हणून काढावी लागते.

म्हणून चार नोंदी आजपासून ठेवा: भट्टीचा वेगळा मीटर, पंख्याचा वेगळा मीटर, पाळीनिहाय तेल, आणि प्रत्येक हीटमधलं (भट्टीच्या एका घाण्यातलं) स्पंजचं प्रमाण. स्पंज विकणाऱ्याकडून टनामागे किती कोळसा जळला ते लेखी घ्या, आणि ते बिलासोबत लावून ठेवा.