पाठीवरची चिमूट

(दृश्य: शेजारी शेजारी दोन पुरुषांचा फोटो)

या फोटोतले दोघंही डॉक्टर आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा फोटो छापून आला. युडकिन मॅरेथॉन धावणारे, याज्ञिक नाहीत, हा फरक आहेच. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती: याज्ञिक यांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

लठ्ठपणाची गोष्ट आपण नेहमी ताटापासून सुरू करतो. आज ती पाळण्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून सांगायची आहे.

(दृश्य: पुण्याजवळचं गाव, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई)

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्या संशोधकांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. यातल्या बहुतेक जणी शेतकरी कुटुंबातल्या. गरोदर राहण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. संशोधकांनी त्या काय खातात ते लिहून घेतलंच, पण त्या काम किती करतात तेही विचारलं. पाणी किती भरलं, शेतात किती राबलं, घरचं किती उरकलं. ज्या जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान भरली. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जरा बऱ्या वजनाची निघाली. बाईच्या डोक्यावरचा हंडा पोटातल्या बाळाच्या वजनात दिसतो, हे आपल्या आज्यांना कळत असणारच. इथे ते मोजून कागदावर आलं.

आता ते बाळ जवळून पाहू.

जन्माला येऊन जेमतेम दोन-तीन दिवस झालेत. वजन काट्यावर सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळाचा दंड बारीक, पोट लहान. मग बाळाला कुशीवर वळवतात, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरतात आणि तिथे एक छोटं यंत्र लावून तिची जाडी मोजतात. सगळी मापं इंग्रज बाळांच्या मापांशेजारी ठेवली, तेव्हा जवळपास सगळीकडे आपलं बाळ बरंच मागे होतं. पाठीवरच्या या चिमटीत मात्र ते सगळ्यात कमी मागे होतं. मांस गेलं होतं, चरबी टिकली होती. हाडकुळं दिसणारं ते बाळ आतून चरबी जपून आलं होतं. संशोधकांनी त्याला नाव दिलं: बारीक-लठ्ठ बाळ.

पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, जास्त आढळलं. अजून आईच्या दुधाचा घोटही नीट गेलेला नाही, आणि मधुमेहाच्या वाटेवरची खूण मात्र रक्तात आहे.

असं का व्हावं? पोटात असताना पुरेसं मिळालं नाही, तर वाढणारं शरीर तडजोड करतं. मेंदूला आधी द्यायचं, स्नायूंचं नंतर बघू. पण जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंतच. स्नायूच कमी पडले की साखर रेंगाळते आणि इन्सुलिनला जास्त जोर लावावा लागतो. दुसरी गोष्ट साठवणीची. कातडीखालची चरबी म्हणजे घरातली कणगी. धान्य तिथे राहिलं तर कुणाला त्रास नाही. कणगी भरली, की पोती माजघरात आणि चुलीपाशी रचायची वेळ येते. तशी मग चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत शिरते. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, असे कितीतरी जण आपल्या नात्यागोत्यात आहेत. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय २५ वर ओढली आहे, पाश्चात्त्यांसारखी ३० वर नाही. आणि कंबरेचं माप पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं.

(दृश्य: लग्नाचा मांडव, जेवणाची पंगत)

आपली भाषा मात्र डोळ्यांना दिसेल तेवढंच बोलते. तान्हं असताना ‘काय छान बाळसं धरलंय’. तेच मूल दहाव्या वर्षी वर्गात ‘ढोल्या’. लग्नाच्या जाहिरातीत ‘सडपातळ बांधा’ हवा. बाळंतपणानंतर दिवाळीला माहेरी आलेल्या मुलीला उंबऱ्यातच ‘किती सुटलीस गं!’. हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात, मला माहीत आहे. पण त्या एका वाक्याने मुलगी सणाच्या पंगतीत हात आखडता घेते, आणि काही जणी डॉक्टरांकडे जायचंच टाळतात, कारण तिथेही पहिलं वाक्य तेच ऐकायला मिळेल अशी भीती असते.

‘तोंडावर ताबा नाही’ हा आरोप तर सगळ्यांच्या ओठांवर. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे. माणूस वजन उतरवतो तेव्हा लेप्टिनही उतरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. सहा महिने नेटाने पाळलेलं पथ्य सुटतं, तेव्हा त्या माणसाशी त्याचंच शरीर झुंजत असतं. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या २४ टक्के बायकांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं. त्याच पाहणीत १८.७ टक्के बायका अशक्त, कमी वजनाच्या. हे दोन वेगळे देश नाहीत. पुष्कळदा ही एकाच घरातली सासू आणि सून असते.

(दृश्य: तेच गाव, आजचं. शाळेतून परतणाऱ्या मुली)

त्या सहा गावांतली बाळं मोठी झाली. सहाव्या वर्षी पुन्हा तपासली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. आपल्या कितीतरी घरांत दूध डेअरीत जातं आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरतं उरतं.

२०१२ मध्ये यातल्याच काही मुलामुलींना, आता वयात आलेल्या, बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. रोज अवघे २ मायक्रोग्रॅम, मिठाच्या कणाहूनही कमी. मुलींना त्या लग्नानंतर, गरोदरपणातही चालू राहिल्या.

मग त्यांचीही बाळंतपणं झाली. नाळेचं रक्त घेतलं गेलं. आईच्या पोटात असल्यापासून जिची नोंद ठेवली गेली होती, ती आता बाजूला बसून बघते आहे. परिचारिका तिच्या बाळाला हलकेच कुशीवर वळवते आणि फऱ्याखालची कातडी चिमटीत धरते.