नट थांबला तर आवाजही थांबला पाहिजे

मंडळी, नमस्कार. हौशी नाटकात ध्वनीचा विषय बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात निघतो. नेपथ्य उभं राहिलेलं असतं, कपडेपट ठरलेला असतो आणि मग कुणीतरी विचारतं, "अरे, पाऊस कोण वाजवणार?" ज्याच्याकडे लॅपटॉप असेल त्याच्या गळ्यात ते काम पडतं. एका फोल्डरमध्ये फायली जमतात आणि रोज गाणी ऐकतो त्याच प्लेअरवर प्रयोग होतो. त्या प्लेअरवर प्रयोग करू नका, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

गाण्यांचा प्लेअर सलग वाजत राहण्यासाठी बनवलेला असतो. एक फाइल संपली की तो आपणहून पुढची सुरू करतो. नाटकाला नेमकं उलट हवं असतं. दाराची बेल वाजून झाली की पुढचा आवाज तयार राहावा, पण गप्प. तो कधी वाजणार हे नट ठरवतो. तालमीत चार सेकंदांचा असलेला पॉज प्रेक्षक हसले की नऊ सेकंदांचा होतो. ती वरची पाच सेकंदं जी यंत्रणा निमूट थांबते, तीच नाटकाच्या कामाची.

टेपच्या काळातल्या लोकांनी हे ओळखलं होतं. दोन आवाजांच्या मध्ये ते चुंबकीय लेप नसलेली रंगीत लीडर टेप जोडायचे. रंग दिसला की ऑपरेटर स्पूल थांबवायचा. सोनीची मिनिडिस्क, म्हणजे आवाज साठवणारी छोटी तबकडी, 1992 मध्ये आली. तिच्या काही यंत्रांवर ऑटो पॉजची सोय होती, म्हणजे एक ट्रॅक संपला की पुढच्याच्या तोंडाशी यंत्र थांबून राहायचं. रंगभूमीवाल्यांनी ती उचलली. क्यू म्हणजे ठरलेल्या क्षणी द्यायचा एकेक आवाज. आजचं क्यू सॉफ्टवेअरही मुळात हेच करतं: क्यूंची यादी, एक 'गो' बटण, आणि गो दाबेपर्यंत शांतता.

आता संहितेतला सर्वांत अवघड प्रसंग काढा आणि त्यावर यंत्रणा पारखा. मी नेहमी टेलिफोन घेतो, कारण तो सोपा वाटतो. फोन वाजतो, नटी स्वयंपाकघरातून येते, रिसीव्हर उचलते. ती किती वेळात येईल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घंटी लूपवर, म्हणजे पुन्हापुन्हा आपोआप वाजणारी हवी, आणि हात रिसीव्हरला लागताच ती थांबायला हवी. पण अगदी कापल्यासारखी थांबली तर कुणीतरी स्विच बंद केल्यासारखं वाटतं. खऱ्या घंटेचा नाद क्षणभर मागे रेंगाळतो. सेकंदाच्या दशांशाएवढा फेड दिला, म्हणजे आवाज तेवढ्या वेळात विरत नेला, की कानाला ते पटतं. म्हणजे एका टेलिफोनसाठी तुम्हाला लूप, थांबवण्याचा वेगळा क्यू आणि फेडचा काळ ठरवण्याची सोय, तिन्ही लागले. लूपसाठी फाइल डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या प्रकारातच ठेवा. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा बारीक तुकडा जोडला जातो आणि प्रत्येक फेरीला तो खटकतो.

पावसाला आणखी एक गोष्ट लागते. पाऊस चालू असतानाच वीज कडाडते. खिडकी उघडली की पाऊस मोठा होतो, मिटली की दबतो. एका वेळी अनेक आवाज वाजवणारी आणि प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे हलवणारी यंत्रणाच इथे चालते.

अशी क्यू सॉफ्टवेअर कुठली? मॅक असेल तर क्यूलॅब बघा. विंडोजवर मल्टिप्ले आहे, लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर, दोन्ही फुकट. क्यूलॅबच्या फुकट आवृत्तीतही बरंच काम होतं, फक्त आवाज दोनच आउटपुटमधून, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या दोनच वाटांनी, काढता येतो. जास्तीचे आउटपुट हवे असतील तर प्रयोगापुरता परवाना भाड्यानेही मिळतो.

तिसरा आउटपुट कशाला, असं विचारलं जातं. रेडिओ रंगमंचावर डावीकडे टेबलावर असतो आणि त्याचा आवाज सभागृहाच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून आला की प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. ध्वनीचे अभ्यासक हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान तो आधी पोहोचलेल्या दिशेचा मानतो. म्हणून टेबलामागे छोटा स्पीकर लपवा, त्याला स्वतंत्र आउटपुट द्या आणि सभागृहातल्या स्पीकरांचा आवाज काही मिलिसेकंदांनी मागे ठेवा. मागच्या रांगेलाही रेडिओच वाजतोय असं वाटतं. माझ्या मते हौशी संस्थेने पैसे घालायचेच तर या तिसऱ्या स्पीकरवर घालावेत. भारी ध्वनिसंग्रह नंतर विकत घेता येतो.

जोडणीचं थोडक्यात सांगतो. हेडफोनच्या छिद्रातून थेट मिक्सरपर्यंत लांब वायर नेऊ नका. चार्जर लावला की हम, म्हणजे सततची गुणगुण, येते. बॅलन्स्ड आउटपुट (लांब वायरीतला खरखराट रोखणारा) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला जोडायची आवाजाची पेटी, घ्या, ते जमत नसेल तर निदान साधा आउटपुट बॅलन्स्ड करणारा डीआय बॉक्स मध्ये घाला. ब्लूटूथ मात्र नकोच. त्यात आवाज पाव सेकंदापर्यंत सहज मागे पडतो, आणि गालावर हात पडल्यावर एवढ्या उशिराने आलेली थप्पड बघवत नाही.

ऑपरेटरचा विचार यंत्र निवडतानाच करा. अंधारात, घाबरलेल्या बोटाने गो दोनदा दाबला जातो, आणि बेल वाजायच्या आत गोळी सुटते. क्यूलॅबमध्ये दोन गोंमधलं किमान अंतर ठरवता येतं. ते नक्की लावा. सगळं एकदम बंद करणारी कळही ऑपरेटरला न बघता सापडली पाहिजे. क्यूलॅबमध्ये ती एस्केप आहे: एकदा दाबली की आवाज फेड होत थांबतात, लागोपाठ दोनदा दाबली की तिथल्या तिथे. प्रयोगाच्या लॅपटॉपवर नोटिफिकेशन, अपडेट, स्लीप बंद ठेवा, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर तीच क्यू यादी उघडून ठेवा.

यंत्रणा पक्की करण्याआधी एक तालीम फक्त तिच्यासाठी घ्या. नटांना गुपचूप सांगा की मधली दोन पानं गाळा. प्रयोगात कुणाची तरी वाक्यं विसरली की नेमकं हेच होतं. ऑपरेटरला क्यू 14 वरून थेट 19 वर उडी घ्यायची आहे, मधला पाऊस हळूच काढायचा आहे आणि पुढची बेल वेळेवर द्यायची आहे. त्याला माउस शोधावा लागला, यादीत वरखाली करावं लागलं, तर क्यूंना संहितेतल्या पानांचे क्रमांक आणि त्या क्षणाचं वाक्य लिहा आणि तोच प्रवेश पुन्हा घ्या.