नऊ कॉल, नऊही माझेच

नमस्कार मंडळी, परवा फोनची कॉल लिस्ट चाळत होते आणि एका जुन्या मैत्रिणीच्या नावावर बोट थांबलं, उघडून बघितलं तर लागोपाठ नऊ कॉल, नऊच्या नऊ मी केलेले, तिच्याकडून आलेला एकही नाही. खरं सांगते, पोटात खड्डा पडला. बास, आता नंबरच डिलीट करते, दर वेळी मीच का म्हणून, असं वाटून गेलं.

तुमचंही असं कुणीतरी असेलच. पण थोडं थांबा. हा हिशेब आपणच मांडलेला असतो ना, मग तो आपल्याच बाजूने झुकतो. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या कामात तुमचा वाटा किती, तर बहुतेक जोडप्यांमध्ये दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कुणी खोटं बोलत नव्हतं हो, आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं इतकंच. माझ्या याच मैत्रिणीने मी आजारी असताना अख्खी रात्र माझ्या उशाशी बसून काढली होती, ते कॉल लिस्टमध्ये कुठे दिसणार?

अर्थात काही नाती खरंच एकतर्फी असतात, गरज सरो वैद्य मरो अशातली. तिथेही आधी एकदा बोलून बघा. रागाच्या भरात नको, आणि "तू कधीच विचारत नाहीस" अशी सुरुवात तर नकोच, त्याने समोरचा लगेच सफाई द्यायला लागतो. "तुझा फोन आला की मला बरं वाटतं, अधूनमधून करत जा ना" एवढं पुरतं. तरीही फरक पडला नाही तर आपला हात आखडता घ्यायचा. परत आलं नाही तरी चालेल तेवढंच द्यायचं, मग तो वेळ असो नाहीतर पैसे, आणि जमणार नसेल तर "या वेळी नाही जमणार" म्हणून मोकळं व्हायचं, कारणांची माळ लावत बसायचं नाही. हां, कुणी अपमान करत असेल, त्रास देत असेल, तिथे लांब होणंच बरं, ती गोष्टच वेगळी.

रॉबिन डनबार म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांच्या मांडणीप्रमाणे माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण ५ जण मावतात, मग १५, मग ५०, मग १५०. मला हे फार धीराचं वाटतं. आतल्या पाचांतलं कुणी बाहेरच्या पन्नासांत गेलं तरी ते आपलंच असतं की, फक्त अपेक्षा पन्नासांतल्या माणसाएवढी ठेवायची. माझ्या एका चुलतभावाचं मी तेच केलंय, वाढदिवसाला मनापासून मेसेज करते आणि उत्तराची वाट न बघता फोन बाजूला ठेवते.

आणि मैत्रिणीला शेवटी विचारलंच. जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला फोनवर काही सुचतच नाही गं, तू घरी ये ना." रविवारी जातेय.