काडीतून अनंत

इंदूर, रामबाग. मृगाच्या दोन-तीन सरी पडून गेल्यात. अंगणातल्या अनंताची ही पिळदार कळी उद्यापर्यंत उमलेल. फूल आज पांढरंशुभ्र, दोन दिवसांत पिवळट; वास मात्र शेवटपर्यंत टिकतो.

या भरगच्च पाकळ्यांच्या अनंताला सहसा बी धरत नाही, कारण त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. म्हणून रोप हवं तर काडी लावायची.

आजी फांदी बोटांनी वाकवून बघतात. शेंड्याची लुसलुशीत नको, ती कुजते. जून झालेलीही नको, तिला मुळ्या फुटायला फार वेळ लागतो. यंदाचीच, पण बुडाशी तपकिरी व्हायला लागलेली आणि वाकवली तर चिवट लागणारी, ती घ्यायची. लांबी चार ते सहा इंच, काप पेराच्या अगदी खाली. खालची पानं काढून टाकायची. वरची दोन-तीन ठेवायची, तीही अर्धी कापून. मुळं नाहीत आणि पानांतून पाणी उडतंय, अशात काडी सुकायला वेळ लागत नाही.

निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट. वरून प्लास्टिकची पिशवी, कुंडी सावलीत. मुळ्या धरायला महिना-दोन महिने. नातू काडी ओढायला जातो, तशा आजी त्याचा हात धरतात. "उपटून नको रे बघूस! मुळ्या तुटतात. नवं पान आलं की समजायचं, काडी लागली."

खरी कसोटी पुढेच आहे. माळव्याची काळी माती कपाशीला उत्तम, अनंताला मात्र मानवत नाही. ती अल्कधर्मी, अनंताला हवी आम्लधर्मी. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडलं असं वाटून लोक बोरिंगचं जड पाणी आणखी ओततात, आणि दुखणं वाढतं. फार चांगली झाडं अशी हकनाक जातात.

म्हणून कुंडीत काळी माती नकोच. पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, कोकोपीट, थोडी वाळू. पानं पिवळी दिसली तर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात विरघळवून द्यायचं. पत्र्याखाली ठेवलेल्या पिंपात पावसाचं पाणी साठतंय, ते याच झाडांसाठी.

पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या आजी खुडून टाकतात. शेजारच्या मावशी हळहळतात. आजी ऐकत नाहीत. आधी झाड भरू दे, म्हणतात.