सिंहगड रस्त्यावरच्या बागेचं माहेर

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते २००६ साली सुरू झालं. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, पण हे नाव घेऊन कुणी रिक्षा केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आम्ही चार मैत्रिणी महिन्यातून एकदा तिथे जमतो. एक गणिताची शिक्षिका, एक बँकवाली, एक दादरची माहेरवाशीण आणि चौथी मी. ही बाग जिच्यावरून बेतली, ती कोराकुएन बाग जपानमधल्या ओकायामा शहरात आहे. म्हणजे ते आमच्या बागेचं माहेरच. मग जपानच्या सहलीत ओसाकाला एक मोकळा दिवस मिळाल्यावर आणखी कुठे जाणार?

शिन-ओसाकाहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, ओकायामा जेमतेम पाऊण तास. स्टेशनाबाहेर पडलं की समोर एका मुलाचा पुतळा दिसतो. हा मोमोतारो. एका म्हातारीला नदीत वाहत आलेलं भलंमोठं पीच सापडतं आणि त्यातून हा मुलगा निघतो. मोठा झाल्यावर कमरेला किबीदांगो, म्हणजे गोड गोळे, बांधून तो राक्षसांच्या बेटावर स्वारीला निघतो. वाटेत भेटलेला कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना एकेक गोळा देतो आणि तेवढ्यावर ते त्याचे साथीदार होतात. गोष्ट ऐकून दादरवाली म्हणाली, "अगं, आपली म्हातारी भोपळ्यात बसते, यांचं पोर पीचमधून येतं. फळ बदललं, एवढंच." शहरात रस्त्याला मोमोतारोचं नाव, गटाराच्या झाकणांवरही मोमोतारो. गटाराचं झाकण थांबून बघावं, इतकं सुंदर असू शकतं हे मला पन्नाशीनंतर कळलं.

बागेकडे जायला ट्राम. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. दादरवालीनं ती फक्त आईच्या तोंडून ऐकलेली, त्यामुळे खिडकीची जागा तिला. शिरोशिता हा स्टॉप इतका लवकर आला, की तिचं रुसणं उतरल्यावरही चालू होतं.

पुढे आसाही नदी आणि तिच्यावर त्सुरुमी पूल. नावाचा अर्थ क्रौंच पाहण्याचा पूल. आणि बागेत खरोखरच क्रौंच पाळलेले आहेत, पांढरेशुभ्र, डोक्यावर लाल टिळा असलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे एकही उरला नव्हता. मग चिनी विद्वान गुओ मोरुओ, जे तरुणपणी ओकायामात शिकले होते, त्यांनी १९५६ साली दोन क्रौंच भेट म्हणून पाठवले.

बाग बांधायला घेतली इकेदा त्सुनामासा या सरदारानं, १६८७ साली. १७०० च्या सुमाराला ती पुरी झाली. आकार सुमारे तेरा हेक्टर. आम्ही गेलो नोव्हेंबरच्या अखेरीस. मेपल लालभडक, आणि हिरवळ मात्र सोनेरी पिवळी. बँकवाली पुटपुटली, "आपल्याकडे माळ्याला झापलं असतं." पण तिथे थंडीत गवताचा हाच रंग अपेक्षित असतो. मध्येच चहाचा मळा, मध्येच भाताची छोटी खाचरं. सरदाराच्या बागेत भातशेती, हे मला फार आवडलं.

मन रमलं ते र्युतेन नावाच्या मंडपात. मंडप कसला, चारी बाजूंनी मोकळी माडी, आणि तिच्या खालच्या मजल्यावरून, अगदी मधोमध, पाण्याचा ओहोळ वाहतो. ओहोळात सहा रंगीत दगड. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेचं बरंच जळालं आणि पुढे एदो काळातली, म्हणजे सरदारांच्याच जमान्यातली, चित्रं समोर ठेवून ती पुन्हा उभी केली गेली. हा मंडप मात्र वाचला. आम्ही बसलो आणि चक्क पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. आम्हाला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल.

मंडपातून उठून पुढे गेलं की झाडांच्या शेंड्यावर काळा किल्ला डोकावतो. तो बागेच्या बाहेर, नदीपलीकडे आहे, पण देखावा बागेचाच वाटावा अशी सगळी मांडणी. जपानी लोक याला उसना देखावा म्हणतात. दक्षिण दारातून निघून त्सुकिमी, म्हणजे चंद्र पाहण्याच्या पुलावरून किल्ल्याशी पोचता येतं. काळ्या रंगामुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. इथे कावळ्याचं घर शेणाचं नाही! मूळचा १५९७ चा, १९४५ मध्ये जळाला. आत्ताचा १९६६ चा, काँक्रीटचा आणि आत लिफ्ट असलेला. लिफ्ट दिसली आणि आमचा इतिहासाचा उत्साह थोडा ओसरला, गुडघ्यांचा मात्र वाढला.

जेवणात दादरवालीनं बाराझुशी मागवली. आंबूस भातावर मासे आणि भाज्यांची रेलचेल. सांगतात असं, की एका सरदारानं हुकूम काढला, जेवणात एक सूप आणि एकच तोंडीलावणं. मग लोकांनी मासे भाताच्या तळाशी दडवले आणि वरून म्हणाले, हा नुसता भात! आम्ही तिघी शाकाहारी, आमच्या वाट्याला ओनिगिरी, म्हणजे आंबट उमेबोशी (खारवलेलं आलुबुखारासारखं फळ) भरलेले भाताचे गोळे, आणि पिशवीतला लक्ष्मीनारायण चिवडा.

आणि मग किल्ल्याखाली नदीत दिसल्या पायडलच्या बोटी. काही हंसाच्या, काही चक्क पीचच्या आकाराच्या! पीचचा हंगाम उन्हाळ्यातला, तो आम्ही चुकवला होता. खायला नाही तर नाही, निदान आत बसू. दोन पीच, प्रत्येकात दोघी. गणितवाली आणि मी एका बोटीत. ती सुकाणू धरणार, मी पायडल मारणार, असं ठरलं, आणि आम्ही जागच्या जागी गोल फिरू लागलो. दुसऱ्या बोटीनं आम्हाला सोडवायला येऊन धडक दिली. पुलावरची शाळकरी मुलं हात हलवत होती. आम्हीही हलवले, म्हणजे सुकाणूवरचा हातही सुटला. किती वर्षांनी पोट दुखेपर्यंत हसलो! काठावरचे बोटवाले काका शांतपणे हातवारे करत राहिले, डावीकडे, डावीकडे. शेवटी लागलो कशाबशा काठाला.

संध्याकाळी स्टेशनवर किबीदांगोचा पंधरा नगांचा डबा घेतला. पुण्यात वाटायला, असं बँकवालीनं पैसे देताना बजावलं होतं. गाडी सुटली आणि चव बघायला म्हणून तो उघडला. मऊ, पिठूळ, बेताचे गोड. शिन-ओसाका जवळ आलं तेव्हा गणितवालीनं डब्यात पाहिलं. "पंधरा भागिले चार. प्रत्येकी तीन झाले, बाकी तीन."

"तिघांना एकेक," दादरवाली म्हणाली. "कुत्रा, माकड आणि पक्षी."

"आणि चौथी?"

"चौथी मोमोतारो. तो वाटतो. त्यानं स्वतः खाल्ल्याचं गोष्टीत कुठेय?"

शिन-ओसाका येईपर्यंत मोमोतारो व्हायला एकही तयार झाली नाही.