अंधार करता येतो का ते आधी बघा

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली ओळखीपाळखीतली माणसं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. ते छोटे प्रोजेक्टर मिळतात ना, सहा-सात हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत, ते घ्यावेत का? विचारणाऱ्यांच्या घरी टीव्ही असतोच. त्यांना हवं असतं ते एवढंच, शनिवारी रात्री भिंतभर सिनेमा, मुलांचे मित्र आले तर कार्टून, आणि मॅच असली तर मॅच. कंपन्यांची नावं मी इथे घेणार नाही. तशीही ती दर सहा महिन्यांनी बदलतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. खोलीत अंधार करता येत असेल तर घ्या. पुन्हा सांगते, अंधार करता येत असेल तर. कारण प्रोजेक्टर फक्त उजेड पाठवू शकतो, काळा रंग त्याला पाठवता येत नाही. चित्रातला काळा म्हणजे तुमची भिंत, खोलीतल्या उजेडात ती जेवढी काळी दिसेल तेवढी. ट्यूब चालू असेल तर भिंत पांढरी, म्हणजे नायकाचे केसही पांढरे. विग न लावता म्हातारा.

आता खोक्यावरचा आकडा. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. नऊ हजार ल्युमेन, बारा हजार ल्युमेन असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तिकडे बघूच नका. दुकानदाराला विचारायचं, अन्सी ल्युमेन किती? ही अमेरिकन मानक संस्थेची पद्धत, 1992 सालापासूनची. पूर्ण पांढऱ्या चित्राचे सारखे नऊ चौकोन करतात, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. या किमतीच्या यंत्रांत तो आकडा बहुधा दोनशेच्या आसपास निघतो. हो, दोनशे. खोक्यावर नऊ हजार लिहिलेलं असलं तरी.

दोनशे म्हणजे वाईट का? तसं नाही. काळोख्या खोलीत, पांढऱ्या भिंतीवर, सत्तर इंचांचं चित्र घेतलंत तर दोनशे अन्सीमध्ये साधारण सिनेमा थिएटरच्या पडद्याइतका उजेड मिळतो. पण हौसेने शंभर इंच केलंत की तोच उजेड दुप्पट जागेवर पसरतो आणि चित्र निम्म्याने फिकं पडतं. म्हणून सत्तर. लक्षात ठेवा, दोनशे अन्सी, सत्तर इंच, आणि दिवे बंद.

दुसरा शब्द ऐकून ठेवा, नेटिव्ह. ‘फुल एचडी सपोर्ट’ असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ एवढाच की फुल एचडी सिनेमा आत घेता येतो. बाहेर किती बारीक येतो ते नेटिव्ह आकडा सांगतो. 1920 गुणिले 1080 असेल तर वीस लाखांवर ठिपके, 1280 गुणिले 720 असेल तर नऊ लाखांवर, आणि 854 गुणिले 480 असेल तर जेमतेम चार लाख. चार लाखांत सिनेमा बघता येतो. फुटबॉल बघायचा तर चेंडू शोधावा लागतो.

फुटबॉलवरून आठवलं, म्हणजे खरं तर हेच सांगायला मी आले आहे. 18 डिसेंबर 2022. विश्वचषकाची अंतिम फेरी, अर्जेंटिना आणि फ्रान्स, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरुवात. डिचोली तालुक्यात माझ्या मावसभावाचं जुनं चिऱ्याचं घर आहे, सगळी तिथे जमली होती. आता गोव्यात फुटबॉलचं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभा आहे, तोही हा विश्वचषक सुरू व्हायच्या आधीपासून. पोर्तुगाल त्या वर्षी मोरोक्कोकडून हरलं, ब्राझील क्रोएशियाकडून, दोन्ही उपांत्यपूर्व फेरीत. त्यामुळे घरातली निम्मी माणसं पोरकी झालेली. आमचे काका जन्माचे ब्राझीलवाले. त्यांनी जाहीर केलं की आज आपण फ्रान्सच्या बाजूने. फ्रान्सचा एक खेळाडू त्यांना धड माहीत नव्हता, पण अर्जेंटिना जिंकता कामा नये, एवढंच त्यांचं फ्रान्सप्रेम.

पुतण्याने मित्राकडून असाच एक छोटा प्रोजेक्टर आणला होता. बॅटरीवाला, आणि तोच तो चार लाख ठिपक्यांचा. वसरीची मोठी भिंत चुन्याने रंगवलेली, म्हणून त्याला वाटलं की पडदाच मिळाला. टेबल पार मागे नेलं, चित्र शंभर इंचांच्याही वर केलं, मोबाईल वायरने जोडला आणि सामना लावला.

आणि आत्या ट्यूब बंद करू देईना. सोप्यावर अबोलीची फुलं घेऊन बसली होती, दुसऱ्या दिवशी देवळात वळेसर, म्हणजे गजरे, द्यायचे होते. म्हणाली, "तुमचो खेळ जातलो, माझीं फुलां कोण ओंवतलो?" बिनतोड. ट्यूब चालू राहिली. भिंतीवर काय दिसत होतं म्हणता? फिकट हिरवं काहीतरी, त्यावर फिकट माणसं. अर्जेंटिनाच्या जर्सीतले पांढरे पट्टे भिंतीत विरघळून गेलेले, म्हणजे अर्धा संघच गायब. चेंडू तर कुणालाच दिसत नव्हता. "कितें दिसना मरे!" असा गजर चाललेला.

त्यात शेजाऱ्यांचा टीव्ही. आमचा सामना इंटरनेटवरून येत होता, अर्धा मिनिट उशिरा. शेजारी केबल. त्यामुळे तिथून "गोल जालो!" अशी आरोळी आली की आम्ही भिंतीकडे बघायचो, आणि तिकडे मेस्सी अजून पेनल्टीसाठी चेंडू ठेवतोय. अर्जेंटिनाचा दुसरा गोल, डी मारियाचा, त्या अंतिम सामन्यातला सगळ्यात सुंदर, आम्हाला आधी शेजारच्या फटाक्यांतून कळला आणि मग धुक्यातून दिसला. काकांनी मध्यंतरातच हार मानली आणि जेवायला बसायची घाई करू लागले.

सामना संपायला पंधरा-वीस मिनिटं असताना लाईट गेली. अख्खा वाडा काळोख. पंखा थांबला, वायफाय बंद, शेजारचा टीव्ही गप्प. पुतण्याने मोबाईलवर डेटा चालू केला. आता बॅटरीवर बरेच प्रोजेक्टर उजेड कमी करतात, तसा यानेही केला, म्हणून पुतण्याने टेबल भिंतीकडे सरकवलं. चित्र लहान झालं. आणि श्रोतेहो, काय सांगू, ते चित्र उठून आलं! गवत हिरवं झालं. पट्टे निळे-पांढरे झाले. पाठीवरचे नंबर वाचता येऊ लागले. यंत्र तेच, भिंत तीच. ट्यूब नव्हती, आणि चित्र आटोपशीर होतं.

पाच मिनिटांत शेजारी हातात टॉर्च घेऊन हजर. मघाशी आमचे गोल आमच्या आधी ओरडणारे हेच. आले ते खुर्च्या घेऊनच. सोपो भरला, पायऱ्या भरल्या. आणि नेमकी तेव्हाच फ्रान्सच्या एम्बापेने दीड-दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. काका उठून नाचले. अबोली ओवता येत नव्हती म्हणून आत्याही बघू लागली होती. तिने विचारलं, "तो काळ्या-निळ्यातला भुरगो कोण? कसो धांवता पळय!" एम्बापेला चोवीस पूर्ण व्हायला दोनच दिवस होते, त्यामुळे भुरगो म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तेव्हापासून आत्या फ्रान्सची. काकांना घरात पहिला साथीदार मिळाला.

इथे एक मनातलं बोलते. आपल्या गोव्यात काळोखात एकत्र बसून उजेडातला खेळ बघायची सवय फार जुनी आहे. जत्रेतलं मराठी नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि माणसं पहाटेपर्यंत बसतात, शेंगदाणे खात, नटाला परस्पर सूचना करत. मल्टिप्लेक्समध्ये कुणी हसलं तरी मागे वळून बघणारी मंडळी मला कधी समजली नाहीत. असो.

जादा वेळ. मेस्सीचा आणखी एक, एम्बापेचा आणखी एक, तीन-तीन. पुतण्याचं लक्ष सामन्यात कमी आणि बॅटरीच्या चिन्हात जास्त. उजेडाला किडे आलेले, किड्यांना पाल आलेली, आणि पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा ती पाल नेमकी गोलच्या वरच्या दांडीवर. फ्रान्सचा एक फटका अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्तिनेझने अडवला, एक बाहेर गेला. अर्जेंटिनाचा माँतिएल चेंडूकडे चालू लागला. हा घातला की संपलं. कुणी श्वास घेत नव्हतं.

आणि लाईट आली.

सगळी बटणं चालूच राहिलेली. वसरीतल्या दोन ट्यूब, पंखा, अंगणातला बल्ब, सगळं एकदम भक्क. भिंत कोरी! एरवी लाईट आली की आपण टाळ्या वाजवतो, त्या रात्री तीस-चाळीस माणसांनी तिला शिव्या घातल्या. "लायट पालय! पालय गो ती लायट!" बटणाच्या सगळ्यात जवळ कोण? आत्या. तिने धावत जाऊन दोन्ही ट्यूब बंद केल्या. भिंतीवर चित्र परत आलं तेव्हा अर्जेंटिनाचे खेळाडू धावत सुटलेले आणि माँतिएलने जर्सी तोंडावर ओढलेली. तो फटका तिथे कुणीही पाहिला नाही. शेजाऱ्यांचा सेट-टॉप बॉक्स अजून सुरू होत होता, म्हणून त्यांच्याकडूनही बातमी नाही. काका कुणाशी न बोलता हात धुवायला गेले.

तर ट्यूब. एक ट्यूब काय करते ते आता मी वेगळं समजावत नाही. घेण्याआधी आपल्या हॉलमध्ये रात्री दिवे मालवून उभे राहून बघा, बाहेरचा रस्त्याचा दिवा किती आत येतो. हल्लीच्या फ्लॅटांत जिथे तिथे सरकत्या काचा, पडदे पातळ. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असत, मऊ उजेड आत येई, आणि लाकडी झडप ओढली की दुपारीही काळोख. ती काढून काच बसवली आणि मग ऊन लागतं म्हणून एसी. पण आता वेळ थोडी राहिली आहे, भराभर सांगते.

अंतर: या यंत्रांना सत्तर इंचांच्या चित्रासाठी साधारण साडेसहा-सात फूट लागतात, शंभर इंचांसाठी नऊ-दहा. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोन नावाच्या सोयीने चौकोन सरळ करता येतो, पण त्यात तुमचे ठिपके वाया जातात, आणि ते आधीच कमी असतात.

आवाज: आतला स्पीकर वसरीला पुरत नाही, शिवाय आतला पंखा घरघरतो. वेगळा स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

ॲप: काही मोठी ओटीटी ॲप स्वस्त प्रोजेक्टरवर चालतच नाहीत, कारण त्या यंत्राला परवाना नसतो. मोबाईलवरून लावायला गेलात तर आवाज येतो आणि चित्र काळं. म्हणून एचडीएमआयचं भोक आहे ना ते बघा आणि टीव्हीची स्टिक लावा, काम भागतं. बॅटरी आहे का, तेही विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांना ती नसते.

आणि आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर यंत्र उघड्यावर राहिलं तर भिंगाला बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी चालवा, आतली दमट हवा निघते. धूळ आत शिरली तर चित्रावर कायमचा धूसर डाग दिसतो, म्हणून ‘सील्ड’ इंजिन असलेलं मिळालं तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

घरी आणलंत की पहिल्याच रात्री, आपल्याच भिंतीवर, पांढरी अक्षरं लावून चारही कोपरे तपासा. स्वस्त भिंगाला मधलं स्पष्ट आणि कोपरे धूसर अशी खोड असते. परत करायची मुदत संपेपर्यंत खोका मात्र फेकू नका. नमस्कार.